सोलरची टाकी गळतेय: वेल्डिंग करून घेऊ, अर्ध्या किमतीत नवी घेऊ, की तक्रार करू?

लातूरहून एका ताईंचा प्रश्न आलाय, थोडक्यात सांगतो. २०२२ ला घरावर २०० लिटरचा सोलर बसवला, आतली टाकी स्टेनलेस स्टीलची, ३०४ ग्रेडची, कार्डावर टाकीला ५ वर्षं वॉरंटी. यंदा संक्रांतीच्या सुमारास टाकीच्या बुडातून पाणी ठिबकायला लागलं, खाली बेडरूमच्या छताचं प्लास्टर फुगून पडलं. कंपनीचा माणूस येऊन बघून गेला आणि तोंडी म्हणाला की बोअरच्या पाण्याने टाकी खाल्ली, वॉरंटीत बसत नाही, वर दोन खोल्या कॉलेजच्या मुलांना भाड्याने दिल्यात म्हणजे हा कमर्शियल वापर, तरी जुनी टाकी परत दिली तर नवी अर्ध्या किमतीत देतो. गल्लीतला वेल्डर म्हणतो तीन हजारात आर्गॉन वेल्डिंग करून देतो. ज्या डीलरकडून घेतला त्याने दुकान बंद केलंय आणि बिल सापडत नाहीये. तर काय करू?

ताई, सगळ्यात आधी वेल्डरला थांबवा. आणि कंपनीलाही जुनी टाकी इतक्यात देऊ नका. तुमच्या सगळ्या केसचा जीव त्या गळक्या टाकीत आहे. वेल्डर बाहेरचा पत्रा आणि पफ (उष्णता धरून ठेवणारा फोमचा थर) कापून आतल्या टाकीला हात लावणार, एकदा ते झालं की कंपनीचा वकील पहिलाच मुद्दा काढणार की आमच्या मालाशी बाहेरच्या माणसाने छेडछाड केली, आता मूळ दोष होता का नव्हता हे कळणार कसं. शिवाय दुरुस्ती म्हणून बघितलं तरी मला त्यात दम वाटत नाही. खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडने ३०४ स्टीलला वेल्डच्या कडेने बारीक बारीक छिद्रं पडतात, गरम पाण्यात ते अजून लवकर होतं, एक छिद्र बुजवलं तरी शेजारचं कधी उघडेल सांगता येत नाही.

आत्ता एवढंच करा, टाकीकडे जाणारा कॉक बंद करा, पाणी काढून टाका, स्लॅब वाळू द्या. हे टाळू नका, कारण गळती माहीत असूनही चालू ठेवली तर नंतरच्या नुकसानीचा खापर तुमच्यावरच फुटेल. मग गळणाऱ्या जागेचे, सिरीयल नंबरच्या प्लेटचे आणि पडलेल्या प्लास्टरचे फोटो-व्हिडिओ काढून ठेवा. आणि कंपनीला मेलवर विचारा की वॉरंटी नक्की कुठल्या कलमाखाली नाकारताय ते लेखी द्या. तोंडी "बसत नाही" याला काही अर्थ नसतो, पण लेखी द्यायची वेळ आली की बऱ्याच कंपन्या जरा नरम येतात हा माझा अनुभव आहे.

पाण्याचा मुद्दा मात्र हलक्यात घेऊ नका. वॉरंटी कार्ड आणि सोबतचं पुस्तक नीट वाचा, पाण्याची काही मर्यादा किंवा दरवर्षी सर्व्हिस करायची अट लिहिली असेल आणि तुम्ही ती पाळली नसेल तर केस कमजोर होते, हे आधीच सांगून ठेवतो. पण तशी अट नसेल, किंवा विकताना कोणी सांगितलीच नसेल, तर बाजू तुमची आहे. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं तिथे सोलर विकणाऱ्याने "लोक बोअरचं पाणी वापरतात हे आम्हाला माहीत नव्हतं" म्हणणं मला तरी पटत नाही, ग्राहक आयोगालाही पटेल असं वाटत नाही. बोअरचं पाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेतून तपासून घ्या, क्लोराइड किती ते रिपोर्टवर येऊ द्या. फक्त टीडीएसच्या, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांच्या एकूण आकड्यावर कंपनी बोलत असेल तर गप्प बसू नका, टीडीएस म्हणजे क्लोराइड नव्हे.

कमर्शियलचं म्हणाल तर घाबरू नका. सोलर तुमच्या घराचा, राहताय तुम्ही, वर दोन मुलं आहेत म्हणून घराचं हॉटेल होत नाही. ग्राहक ठरायला खरेदीमागचा मुख्य हेतू काय होता ते बघायचं असतं, २०१९ ला सुप्रीम कोर्टाने लीलावती कीर्तिलाल मेहता मेडिकल ट्रस्टच्या केसमध्ये नर्सच्या राहण्यासाठी घेतलेल्या फ्लॅटबाबत हेच धरलं, तिथे तर मोठं हॉस्पिटल ग्राहक ठरलं.

बिल नाही म्हणूनही अडत नाही. पैसे चेकने किंवा यूपीआयने दिले असतील तर बँकेचं स्टेटमेंट काढा, वॉरंटी कार्ड, सिरीयल नंबर आणि डीलरशी झालेले जुने मेसेज जोडा. डीलरचं दुकान बंद असलं तरी वॉरंटी देणारी कंपनी आहे ना, तक्रारीत दोघांनाही पक्षकार करा.

तक्रार ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली लातूरच्याच जिल्हा आयोगात करता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो, तुम्ही राहता तिथे दाखल करायची मुभा कलम ३४ देतं. मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, वकील नसला तरी चालतं, ऑनलाइन ई-जागृती या सरकारी पोर्टलवरही दाखल होते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवा, कधी कधी तिथेच सुटतं. नाहीच सुटलं तर स्पीड पोस्टने पंधरा दिवसांची नोटीस पाठवा. मागताना टाकी बदलून द्या किंवा पैसे परत द्या एवढ्यावर थांबू नका, छताच्या दुरुस्तीचा खर्चही मागा. लोक हा भाग विसरतात. मालाने दुसऱ्या मालमत्तेचं केलेलं नुकसान कायद्यात उत्पादन दायित्वाखाली येतं, टाकीची स्वतःची किंमत त्यात धरत नाहीत, ती सदोष माल म्हणून वेगळी मागायची.

घरात गरम पाण्याची अडचण असेल तर नवी टाकी बाजारातून खुशाल घ्या, पक्कं बिल ठेवा, पण जुनी गच्चीवरच झाकून ठेवा. आयोगाला वाटलं तर ती तपासणीला पाठवायला सांगू शकतो, त्याचा खर्च आधी तुम्हाला भरावा लागू शकतो, तेवढी तयारी ठेवा.

कंपनीची अर्ध्या किमतीची ऑफर घ्यायचीच असेल तर माझी हरकत नाही, कोर्टकचेरी सगळ्यांनाच झेपत नाही आणि वर्षभर धावपळ करण्यापेक्षा पाणी गरम मिळालं तर बरं असं वाटणं चुकीचं नाही. फक्त फॉर्मवर "सर्व दावे मिटले" असं छापलेलं असेल तर त्यावर सही करू नका, निदान छताच्या नुकसानीचा हक्क राखून ठेवतोय हे स्वतःच्या हाताने लिहा. त्यांनी लिहू दिलं नाही तर समजा की त्यांनाही तो हिशोब माहीत आहे.

मुदत दोन वर्षांची. कंपनीने नकार दिला त्या तारखेपासून मोजता येईल असं कोणी सांगेल, पण तुम्ही गळती पहिल्यांदा दिसली त्या दिवसापासूनच धरा आणि तो दिवस आज वहीत लिहून ठेवा. वॉरंटी कार्डाच्या दोन्ही बाजू आणि कंपनीचं उत्तर आलं की ते मला पाठवा, नोटिशीचा मसुदा मी बघून देतो.