यंत्र बदलले, आता कामगाराची कारकीर्द कशी मोजावी?

प्रश्न : मी जळगावात समाजकार्य विषयात संशोधन करीत आहे. येथील एमआयडीसीतील पाईप आणि चटई कारखान्यांत स्वयंचलित यंत्रे येत असल्याने उत्पादन विभागातील कामगारांच्या ‘शाश्वत कारकिर्दी’चा अभ्यास करण्याचे ठरवले आहे. कंपन्यांकडून कामगारांची यादी घेऊन, प्रश्नावली भरून घेऊन त्यांच्यातील कौशल्याची उणीव मोजावी, असे मला सुचवण्यात आले आहे. एवढे पुरेसे होईल का?
— एक संशोधक विद्यार्थिनी, जळगाव

उत्तर : पुरेसे होणार नाही. कौशल्याची उणीव मोजली की कामगार आज कोठे उभा आहे एवढेच कळते. तो येथवर कसा आला आणि आणखी पंधरा वर्षे कसा टिकेल, हे कळत नाही. आन्स दे व्होस, बेआट्रिस व्हान डेर हेयडेन आणि योस आकरमन्स या अभ्यासकांनी 2020 मध्ये शाश्वत कारकिर्दीची जी मांडणी केली, तिच्यात व्यक्ती, परिस्थिती आणि काळ असे तीन पैलू आहेत, आणि कारकीर्द टिकाऊ आहे की नाही हे आरोग्य, समाधान व उत्पादकता या तिन्हींवरून एकत्रितपणे पाहिले जाते. ही चौकट उपयोगी आहे, मात्र तिच्यात कारकिर्दीची सूत्रे बऱ्याच अंशी व्यक्तीच्या हाती मानली आहेत. ठेकेदारामार्फत कामावर आलेल्या हेल्परच्या हाती प्रत्यक्षात किती सूत्रे असतात, हा आपल्याकडचा खरा प्रश्न आहे, आणि आपल्या प्रबंधाचे वेगळेपण मला तेथेच दिसते.

कंपनीची यादी हाती घेतली की ज्यांची कारकीर्द तुटली ते कामगार अभ्यासातून आधीच वगळले जातात, कारण हजेरीपटावर फक्त टिकलेल्यांची नावे असतात. म्हणून सुरुवात कारखान्याच्या फाटकापासून न करता कुसुंबा, नशिराबाद अशा, जेथून कामगार शिफ्टला येतात त्या गावांपासून करावी. तेथे पूर्वी लाइनवर असलेला आणि आता रिक्षा चालवणारा किंवा केळीच्या गाड्या भरणारा माणूसही भेटेल, आणि त्याची मुलाखत दहा प्रश्नावल्यांपेक्षा अधिक सांगून जाईल. मुलाखत सुपरवायझरच्या समोर घेऊ नये, हे वेगळे सांगायला नकोच. ती शक्यतो अहिराणीत किंवा त्या घरच्या बोलीत घ्यावी. छापील मराठीतल्या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ यापलीकडे उत्तर क्वचितच मिळते. कोणती नोकरी कधी धरली आणि कधी सुटली, हे सनावरून आठवत नाही. मुलीचे लग्न, घराचा स्लॅब, दुष्काळाचे वर्ष अशा खुणांवरून मात्र अचूक आठवते.

हंगामाचाही विचार करावा. शेतीच्या पाईपची मागणी खरिपाआधी चढते आणि पावसाळ्यात मंदावते. फक्त मे महिन्यात मुलाखती घेतल्या तर ओव्हरटाइमने थकलेले पण खिशात पैसे असलेले कामगार भेटतील, आणि फक्त ऑगस्टमध्ये घेतल्या तर सारे चित्र निराशेचे दिसेल.

आता कौशल्याविषयी, कारण येथे घाई होते. जुन्या एक्सट्रूडरवरचा, म्हणजे प्लास्टिक वितळवून पाईपच्या आकारात बाहेर ढकलणाऱ्या यंत्रावरचा, ऑपरेटर डायमधून (साच्यातून) निघणाऱ्या पाईपची चकाकी पाहून आणि पीव्हीसी (पाईपचे प्लास्टिक) जळू लागल्याचा नाकाला झोंबणारा वास येताच यंत्राच्या कोणत्या भागाचे (झोनचे) तापमान उतरवायचे ते ठरवतो. नव्या लाइनवर हेच काम सेन्सर आणि पडद्यावरचे आकडे करतात, म्हणून त्याचे ज्ञान निरुपयोगी ठरले असे मानले जाते. चटईसाठी वापरला जाणारा रिप्रोसेस दाणा (जुन्या प्लास्टिकपासून पुन्हा बनवलेला दाणा) मात्र प्रत्येक खेपेला सारखा येत नाही, आणि बदललेल्या दाण्याला ठरलेली सेटिंग का चालत नाही, हे सांगणारा माणूस अखेर तोच असतो. हे ज्ञान कोणत्याही प्रमाणपत्रावर नसल्यामुळे प्रश्नावलीतही येत नाही. त्यासाठी एका शिफ्टभर त्याच्याशेजारी उभे राहून नोंदी कराव्या लागतील.

यंत्र आले म्हणजे नुकसानच झाले, असे गृहीत धरू नये. मिक्सिंग बंदिस्त झाले की पावडरीची धूळ कमी उडते. पाईपचे प्लास्टिक उष्णतेने बिघडू नये म्हणून त्यात मिसळल्या जाणाऱ्या शिशाच्या स्टॅबिलायझरवर 2021 च्या नियमांनी बंधने आली आहेत, तोही आरोग्याच्या बाजूने जमेचा भाग आहे. पॅकिंगमधील महिलांना या बदलातून काय मिळाले आणि काय गेले, हे स्वतंत्रपणे तपासावे.

कायद्याचा धागाही घ्यावा. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत नोकरीतून कपात झालेल्या कामगाराच्या पुनर्कौशल्यासाठी मालकाने त्याच्या शेवटच्या 15 दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम निधीत भरावी, अशी तरतूद आहे. ठेका संपला म्हणून घरी बसलेल्या माणसाची नोंद ‘कपात’ अशी होते का, हा प्रश्न आपण प्रत्यक्ष गावात विचारू शकाल.

प्रश्न : माझे वय 44, शिक्षण दहावी. अठरा वर्षे पाईप कारखान्यात ऑपरेटर आहे. नवीन लाइन टच स्क्रीनची आहे आणि तिच्यावर डिप्लोमा झालेली मुले घेतली आहेत. नोकरी सोडून साक्रीकडे सौर प्रकल्पात जावे काय?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : सध्या जाऊ नये. सौर प्रकल्पात बहुतेक माणसे उभारणीच्या काळात लागतात. पॅनेल बसवून झाले की देखभालीला मोजकेच लोक उरतात. त्यापेक्षा नव्या लाइनची उभारणी करायला यंत्र कंपनीचे इंजिनीअर येतील, तेव्हा त्यांच्यासोबत मला ठेवा, अशी लेखी मागणी करावी. यंत्र शिकण्याची इतकी चांगली संधी पुन्हा येत नाही. अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणारी ‘आरपीएल’ ही सोय प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आहे, तिची चौकशी आयटीआयमध्ये करावी. छत्रपती संभाजीनगर येथील सिपेट ही प्लास्टिक प्रक्रियेचे प्रशिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्था आहे. तेथील अल्प मुदतीच्या वर्गांचीही माहिती घ्यावी.

आणि पुढेमागे नोकरी बदलायचीच झाली, तर पीएफ काढून न घेता नव्या खात्यात वर्ग करून घ्यावा. या अठरा वर्षांत ठेकेदार बदलत गेले असतील, तर सारी सेवा एकाच यूएएनखाली (पीएफच्या कायम क्रमांकाखाली) जोडलेली आहे का, हे राजीनाम्याचा विचार करण्यापूर्वी पाहून घ्यावे.