पणजीत फ्लॅटच्या बाल्कनीत लाल साल्व्हियाला वर्षभर ऊन किती द्यावं?

रोज पाच-सहा तास ऊन द्या, शक्यतो सकाळचं. म्हणजे पूर्वेची बाल्कनी उत्तम. ऑक्टोबर ते फेब्रुवारी दिवसभराचं ऊनही चालतं, पण मार्च ते मे दुपारी सावली हवीच, नाहीतर झाड मान टाकतं आणि लाल रंग फिका पडतो. दक्षिणेची बाल्कनीही वाईट नाही: गोवा साधारण 15 अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे थंडीत ऊन तिरपं आत येतं, मेमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि वरचं छत आपोआप सावली धरतं. पावसाळ्यात कुंडी उजेडात ठेवा, पण पागोळ्यांखाली नको. ढगाळ दिवसांत फुलं कमी येणारच. उगाच खत ओतू नका. निळा साल्व्हिया असेल तर मात्र त्याला याहून जास्त ऊन सोसतं.