आतड्यातलं ‘साठलेलं विष’ आणि सात दिवसांचं शिबिर

प्रश्न : डॉक्टरताई, आम्ही जुळे सोलापूरला राहतो. सासरे ६८ वर्षांचे आहेत. बीपीच्या गोळ्या चालू आहेत, त्यातली एक लघवी वाढवणारी. शुगरसाठी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. दिवाळीपासून ‘पोट साफ होत नाही’ ही तक्रार फार वाढली आहे. जवळच्या मंगल कार्यालयात येत्या महिन्यात सात दिवसांचं वनौषधी शरीरशुद्धी शिबिर आहे. रात्री पाकिटातली पूड पाण्यातून, सकाळी एनिमा, दिवसभर फक्त काढे आणि रस. तिथे आतड्यातून निघालेल्या काळ्या, दोरखंडासारख्या मळाचे फोटो दाखवले. प्रत्येकाच्या पोटात पाच-सात किलो जुना मळ चिकटलेला असतो म्हणाले. अण्णांना शौचातून अधूनमधून रक्त जातं, आम्ही मूळव्याध समजतो. शिबिरवाले म्हणाले, ते विषच बाहेर पडतंय. पैसे भरून झालेत. मिस्टर म्हणतात, आयुर्वेदच आहे, अपाय होणार नाही. काय करू?
— एक सून, जुळे सोलापूर

उत्तर : अण्णांना शिबिरात पाठवू नका आणि याच आठवड्यात त्यांना डॉक्टरांकडे न्या. बाकीचं उत्तर त्यानंतर वाचलंत तरी चालेल.

या वयात शौचाची सवय बदलली आणि रक्तही दिसू लागलं, तर ते मूळव्याधीचंच आहे असं घरी बसून ठरवता येत नाही. मूळव्याध असेलही, पुष्कळदा तीच निघते. पण मोठ्या आतड्याचा कर्करोग याच दोन तक्रारी घेऊन येतो, आणि वेळेत सापडला तर शस्त्रक्रियेने पूर्ण बरा होऊ शकतो. डॉक्टर बोटाने गुदद्वार तपासतील, हिमोग्लोबिन बघतील आणि दुर्बिणीची तपासणी म्हणजे कोलोनोस्कोपी सांगतील. खासगीत जमत नसेल तर सिव्हिलच्या सर्जरी ओपीडीत दाखवा. अण्णा लाजतील, टाळतील. मुलाने सोबत जावं. रक्ताला ‘विष’ म्हणणाऱ्या माणसाचा मला संताप येतो. अशा एका वाक्यावर विसंबून घरची माणसं सहा-सहा महिने थांबतात आणि तोवर आतली गाठ वाढत राहते.

आता तो दोरखंड. रात्रीच्या पुडीत काय असतं ते पाकिटावर वाचा. अशा पुड्यांत बहुधा इसबगोलाचा भुसा असतो, काहींत बेंटोनाइट नावाची माती. दोन्ही पाणी शोषून फुगतात, त्यांचा चिकट गोळा होतो आणि आतड्यातून सरकताना त्याला आतड्याचाच आकार येतो. म्हणजे फोटोतला दोरखंड आदल्या रात्री प्यायलेल्या पुडीचा असतो. कोलोनोस्कोपीच्या आधी औषध देऊन आतडं रिकामं करतात आणि मग डॉक्टर कॅमेऱ्यातून आतली भिंत इंच न् इंच बघतात. ती गुलाबी, ओलसर, चकचकीत दिसते. वर्षानुवर्षं चिकटलेला मळाचा थर तिथे कुणाला दिसत नाही. दिसणार तरी कसा? त्या भिंतीवरचं पेशींचं अस्तर आठवड्याच्या आतच गळून नवं येतं. एक रंग मात्र कधीकधी दिसतो. सोनामुखीची चूर्णं महिनोन्‌महिने घेणाऱ्यांच्या आतड्याची भिंत आतून तपकिरी-काळपट झालेली असते. चूर्ण थांबवलं की काही महिन्यांत हा रंग उतरतो.

आतड्यातला मळ रक्तात विष कालवतो ही कल्पना आपल्या शिबिरवाल्यांची नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोप-अमेरिकेतले मोठमोठे डॉक्टर ती मानत होते. लंडनचे नामांकित सर्जन विल्यम आर्बथनॉट लेन यांनी तर बद्धकोष्ठासाठी माणसांची मोठी आतडी कापून काढली. १९१९ साली वॉल्टर अल्वारेझ या अमेरिकन डॉक्टरांनी एक साधा मुद्दा मांडला. शौचाला झाल्याबरोबर डोकं हलकं होतं, मळमळ थांबते. रक्तात विष भिनलेलं असतं, तर ते दोन मिनिटांत कसं उतरलं असतं? ती अस्वस्थता आतडं ताणल्यामुळे असते, ताण गेला की तीही जाते. शिबिरानंतर ‘हलकं वाटलं’ असं सांगणारे खोटं बोलत नाहीत. त्यांचा ताण खरोखर गेलेला असतो. दोन-तीन किलो वजन उतरतं तेही खरं, पण ते पाणी आणि मळ यांचं. जेवण सुरू झालं की परत येतं.

शरीरात खरोखरची विषंही तयार होतात, त्यांना नावं आहेत. प्रथिनांपासून अमोनिया होतो, यकृत त्याचा युरिया करतं, मूत्रपिंडं तो लघवीतून टाकतात. रोज सुमारे १८० लिटर द्रव मूत्रपिंडांतून गाळला जातो. शिबिरवाल्यांना विचारा, तुम्ही नेमकं कोणतं विष काढता आणि ते आधी किती होतं, नंतर किती राहिलं, हे कोणत्या तपासणीत दिसतं? मी असं विचारलं की ‘सगळंच निघतं’ एवढंच ऐकू येतं.

तुमच्या मिस्टरांसाठी. आयुर्वेदात बस्तीला, म्हणजे औषधी एनिमाला, अर्धी चिकित्सा मानतात आणि जाणत्या वैद्याच्या पंचकर्माबद्दल मला आदर आहे. पण तो वैद्य आधी माणूस तपासतो. विरेचनाआधी, म्हणजे जुलाबाचं औषध देण्याआधी, स्नेहन-स्वेदन (तेल-तूप आणि शेक) करतो, नंतर पेजेपासून चढत्या क्रमाने जेवणावर आणतो, आणि कुणाला असे शुद्धीचे उपचार द्यायचे नाहीत हेही त्याला ठाऊक असतं. खालच्या मार्गाने रक्त जात असेल, ज्याला अधोग रक्तपित्त म्हणतात, तर आयुर्वेदही विरेचन देऊ नको असंच सांगतो. मंगल कार्यालयात शंभर जणांना एकच पुडी वाटणं कोणत्या शास्त्रात बसतं? सगळ्यांना तीच एनिमाची उपकरणं वापरणार असतील तर त्याचीही भीती आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात १९७८ ते १९८० दरम्यान आतडी धुऊन देणाऱ्या एका दवाखान्यातून निदान ३६ जणांना अमीबाचा आमांश झाला. दहा जणांचं आतडं कापावं लागलं, त्यातले सहा दगावले.

अण्णांना याहून जवळचा धोका आहे. लघवीच्या गोळीने पाणी आणि क्षार जातातच, त्यावर जुलाब झाले की पोटॅशियम घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. जेवण बंद आणि ग्लिमेपिराइड चालू, म्हणजे साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडतो. त्यात शिबिर मे महिन्यात. सोलापूरचा पारा ४२-४३ वर असताना जुलाब झालेल्या म्हाताऱ्या माणसाची मूत्रपिंडं बंद पडायला फार दिवस लागत नाहीत.

तपासणीत गंभीर काही निघालं नाही, तर बद्धकोष्ठाचं कारण शोधा. थायरॉइड, जुनी शुगर, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, बीपीची काही औषधं, कमी झालेलं चालणं. आणि पाणी. आपल्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, साठवून पुरवून वापरायची सवय लागते, आणि वयस्कर माणसं पिण्याच्या पाण्यातही काटकसर करतात. पूर्व भागात विड्या वळणाऱ्या बायकांमध्ये मी हे सतत बघते. जवळ धड संडास नाही म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचं नाही, आलेली शौचाची जाणीव दाबायची, आणि मग रात्री चूर्ण. त्यांना शुद्धी नको आहे, दाराला कडी असलेला संडास हवा आहे.

अण्णांची ज्वारीची भाकरी सुटली असेल तर ती सुरू करा, सोबत उसळ आणि पालेभाजी. सकाळी चहानंतर रोज ठरावीक वेळी बसू द्या, पायाखाली छोटा पाट ठेवा. इसबगोल घ्यायचं तर पूर्ण ग्लासभर पाण्यासोबतच. भरलेले पैसे लेखी मागा. नाही मिळाले तरी अण्णांना तिथे पाठवू नका.

प्रश्न : सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या गटात दुधीचा कच्चा रस पितात. परवा तो कडू लागला, तरी ‘कडू तेच औषध’ म्हणून सगळ्यांनी संपवला. चालतं का?
— होटगी रोड

उत्तर : अजिबात नाही. कडू दुधीत कुकुरबिटासिन नावाचं विष असतं. त्याने रक्ताच्या उलट्या, रक्ताचे जुलाब होतात, रक्तदाब कोसळतो. आपल्या देशात माणसं मेली आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञ समितीने याची चौकशी करून कडू रस पिऊ नये असं स्पष्ट सांगितलं आहे. रस काढण्याआधी फोडीचा तुकडा जिभेला लावून बघा, कडू लागला तर सगळा दुधी टाकून द्या. दुसऱ्या रसात मिसळू नका, चव झाकली जाते. यापुढे कुणाला कडू रसानंतर पोटात कळ किंवा उलटी झाली, तर घरी वाट न बघता लगेच दवाखान्यात न्या आणि दुधीचा रस प्यायलाय हे तिथे आधी सांगा. यावर उतारा नाही, सलाईन आणि देखरेख हाच उपचार आहे.