हेडलाइट लावले की गाडीची रेस वर-खाली होते: आयडल व्हॉल्व्ह बदलू का?

तुमची पेट्रोल गाडी सिग्नलला उभी असताना रेस (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) 600 ते 1200 च्या मध्ये झुलत राहते, थ्रॉटल बॉडी साफ करून झाली, प्लग नवे टाकले, आणि आता गॅरेजवाले आयडल व्हॉल्व्ह (गाडी उभी असताना इंजिनाला लागणारी हवा सांभाळणारी झडप) बदला म्हणतायत. या सगळ्यात तुम्ही जाता जाता लिहिलेली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: हेडलाइट किंवा ब्लोअर लावला की त्रास वाढतो. त्यामुळे माझी कळकळीची विनंती आहे, व्हॉल्व्हचे पैसे देण्याआधी एक संध्याकाळ अर्थिंग, म्हणजे करंटची निगेटिव्ह बाजूकडे परतायची वाट, तपासायला द्या.

इनटेकचा, म्हणजे इंजिनात हवा नेणारा, पाइप फाटून हवा ओढली जात असेल तरीही रेस झुलते. पण त्या पाइपला दिवे चालू आहेत की बंद, याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. विजेचा लोड टाकल्यावर त्रास वाढत असेल तर विजेच्या वाटेवर संशय घ्यायचा. आणि तिथेही सगळे लाल वायरच बघतात, परतीची वाट कोणी बघत नाही.

माझी गाडी 2003 सालची. बरीच वर्षं रत्नागिरीत, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभी असायची. दोन सेन्सर आणि एक व्हॉल्व्ह बदलून झाले होते, फरक शून्य. शेवटी वायरिंगचं काम करणाऱ्या एका काकांकडे नेली. त्यांनी एकही पार्ट खोलला नाही. जंपर केबलची फक्त काळी वायर घेतली, एक चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला लावला आणि दुसरा इंजिन उचलायच्या लोखंडी हुकाला. रेस जागच्या जागी स्थिरावली. चिमटा काढला, पुन्हा झुलायला लागली. मग गाडीखाली जाऊन त्यांनी गिअरबॉक्सपासून चॅसीला जाणारी विणलेली तांब्याची पट्टी दाखवली. वरून ती धडधाकट होती. दहाचा पाना लावून बोल्ट सोडवला तर थिंबलखालचा (पट्टीच्या टोकाच्या धातूच्या कडीखालचा) पत्रा गंजून खवले सुटत होते आणि विणीत हिरवट-पांढरी पूड भरलेली. पट्टी हातात धरून वाकवली तेव्हा अर्ध्याहून जास्त तारा आत तुटलेल्या निघाल्या.

हे घडतं कसं ते बघा. अल्टरनेटर, म्हणजे गाडीची वीज तयार करणारा भाग, इंजिनावर बसलेला असतो, त्याची निगेटिव्ह बाजू म्हणजे इंजिनच. दिव्यांचा, पंख्याचा करंट बॉडीत उतरतो आणि त्याला इंजिनाकडे परतायचं असतं. 55 वॅटचे दोन हॅलोजन मिळून साधारण 9 अँपिअर घेतात; त्यात ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर आणि रेडिएटरचा पंखा धरा, आकडा सहज 30 पर्यंत जातो. गंजलेल्या जोडाचा रोध 0.01 ओहम जरी असला तरी 30 अँपिअरला 0.3 व्होल्ट तिथेच अडकतात. दिव्यांना ते जाणवतही नाही. पण ऑक्सिजन सेन्सरचा (धुरातला ऑक्सिजन बघून पेट्रोल कमी की जास्त ते सांगणाऱ्या सेन्सरचा) सगळा खेळच 0.1 ते 0.9 व्होल्टमध्ये चालतो. जुन्या एका वायरीच्या सेन्सरची अर्थ सायलेन्सरमधून इंजिनाला मिळते. ईसीयूची, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरची, अर्थ इंजिनापेक्षा 0.3 व्होल्टने वर उचलली गेली, तर खऱ्या 0.45 च्या जागी त्याला 0.15 दिसतात. त्याला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, म्हणून तो वाढवत जातो. पंखा बंद झाला की चित्र पुन्हा पालटतं. अशा वेळी नवा व्हॉल्व्ह टाकलात तरी तो चुकीच्या माहितीवरच काम करणार.

आता मोजायचं कसं. मल्टिमीटर ओहमवर लावू नका. त्यातून जाणारा करंट इतका किरकोळ असतो की एकच तार शाबूत असली तरी तो जोड चांगला असल्याचं दाखवतो. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी पिन थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर टेकवा, वरच्या क्लँपवर नको, म्हणजे क्लँपचा सैलपणाही सापडतो. लाल पिन इंजिनाच्या रंग नसलेल्या धातूवर. इंजिन चालू, हेडलाइट, ब्लोअर, मागची काच सगळं चालू. बाही आणि वायरी बेल्टपासून लांब ठेवा. 0.1 व्होल्टपर्यंत ठीक. 0.2 च्या वर गेलं तर तो जोड खोलून बघायचाच. मग तेच इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये मोजा. माझ्या गाडीत लोड नसताना 0.05 होते, लोड टाकल्यावर 0.6. मीटर नसेल तर काकांची जंपरची युक्ती करून बघा, फक्त चिमटा पॉझिटिव्हला चुकूनही लागू देऊ नका.

तुमच्या गाडीला अ‍ॅक्सिलरेटरची केबल असेल तर तिलाही हात लावून बघा. मोठी अर्थ तुटली की करंट त्या बारीक केबलमधून वाट काढतो. ती गरम लागली किंवा जड चालायला लागली असेल तर अर्थ गेल्याची ती मोठी खूण आहे.

दुरुस्ती स्वस्तातली आहे, पण घाईची नाही. आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा. प्रत्येक अर्थचा बोल्ट सोडवून थिंबल आणि पत्रा दोन्ही पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, दातेरी वायसर टाकून घट्ट आवळा, आणि व्हॅसलीन आवळून झाल्यावर वरून फासा. इनटेक मॅनिफोल्डवर ईसीयूच्या दोन-तीन काळ्या वायरी एकाच बोल्टला बांधलेल्या असतील तर तो विसरू नका. तुटलेली पट्टी सोल्डरने डागू नका, नवीच घ्या, तितकीच जाड.

बॅटरी पुन्हा जोडल्यावर पहिली दहाएक मिनिटं रेस थोडी वेडीवाकडी राहू शकते, कारण बऱ्याच गाड्यांत ईसीयूची आयडलची आठवण पुसली जाते. गाडी गरम होईपर्यंत तशीच चालू ठेवा, लगेच काही उघडायला जाऊ नका.