ब्लोअर फ्रेममध्येच राहू द्या

प्रश्न : ताई, नमस्कार. माझ्या ओळखीच्या एका वयस्कर लोहारकाकांचं काम वर्षभरात बंद होईल असं दिसतंय. मुलं दुसऱ्या कामाला लागली आहेत. त्याआधी त्यांचे नीट फोटो काढून ठेवावेत असं फार मनात आहे. पण भात्याच्या जागी आता विजेचा ब्लोअर आहे, कोपऱ्यात ग्राइंडर आहे, मोबाइल चार्जिंगला लटकलेला असतो. हे सगळं हलवून जुनं वातावरण उभं करावं का? दुसरं म्हणजे, कॅमेरा काढला की काका हात धुऊन, इस्त्रीचा शर्ट घालून ताठ उभे राहतात. आणि त्यांना पैसे द्यावेत का?
– एक वाचक

उत्तर : काहीही हलवू नका. एडवर्ड कर्टिस या छायाचित्रकाराने अमेरिकेतल्या मूळनिवासींचे हजारो फोटो काढले, ही माणसं आता नाहीशी होणार अशा समजुतीने. १९१०च्या त्याच्या एका फोटोत तंबूत दोन पुरुष बसलेत आणि त्यांच्या मध्ये गजराचं घड्याळ आहे. छापताना ते घड्याळ पुसून टाकलं गेलं. मूळ फोटो शिल्लक राहिला म्हणून ते आपल्याला कळलं. मला तो घड्याळासकटचाच फोटो मोलाचा वाटतो. त्यात ती माणसं त्यांच्या काळात बसलेली आहेत. पुसलेल्या फोटोत ती कुठल्याच काळातली नाहीत.

भाता ओढायला माणूस लागतो. तो मिळेनासा झाला म्हणून ब्लोअर आला का, कोणत्या साली आला, हे काकांना विचारा. धंदा कसा आकसत गेला ते कदाचित त्या ब्लोअरपाशीच कळेल.

इस्त्रीच्या शर्टातला फोटो सगळ्यात आधी काढा आणि मन लावून काढा. आपण कसं दिसावं हे ठरवायचा हक्क त्यांचा आहे. अर्विंग पेन हा अमेरिकन छायाचित्रकार १९५०-५१मध्ये पॅरिस, लंडन आणि न्यू यॉर्कमधल्या कष्टकऱ्यांना कामाच्या कपड्यांत, हत्यारांसकट स्टुडिओत बोलावत असे, तेव्हाही न्यू यॉर्कचे काही जण दाढी करून, ठेवणीतला सूट घालून आले होते. आणि ताठ उभं राहण्यात वाईट काय आहे? ऑगस्ट झांडर या जर्मन छायाचित्रकाराने १९२८मध्ये टिपलेला मिठाईवाला पाहा. मोठं भांडं हातात, नजर थेट कॅमेऱ्याकडे. काकांच्या हातात त्यांचा रोजचा हातोडा द्या, बाकी काही सांगू नका.

मग कामाकडे वळा, पण आधी कॅमेरा पिशवीत ठेवून एक विळा सुरुवातीपासून शेवटपर्यंत होताना पाहा. ठिणग्यांचा एक देखणा फोटो सगळेच काढतात. ज्याने लोहार कधी पाहिला नाही त्याला तुमच्या फोटोंवरून विळा कसा होतो ते सांगता आलं पाहिजे, ही माझी कसोटी. जोडीला घण मारणारा असेल तर त्याला फ्रेमबाहेर कापू नका. काका छोट्या हातोड्याने जागा दाखवतात आणि घण तिथेच पडतो. हे बोलणं दोघं मिळूनच दिसतं.

फ्लॅश अजिबात नको. लोहाराची जागा अंधारी असते ती उगाच नाही. लोखंड किती तापलंय हे त्याच्या रंगावरून ओळखायचं असतं, लाल, केशरी की पिवळं. तुमच्या फ्लॅशने काकांचे डोळे दिपले तर तो ताव, म्हणजे त्या वेळची तापवणी, वाया गेला. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, वाढवा, फोटोत दाणे आले तर येऊ देत. कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर अंधार पाहून सगळं उजळ करायला जातो आणि तापलेल्या लोखंडाचा पांढरा डाग होतो, म्हणून प्रकाश एक-दोन स्टॉप कमी ठेवा (एक स्टॉप कमी म्हणजे निम्मा प्रकाश) आणि रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ कच्च्या फाइलमध्ये, काढा. घण वर गेला की क्षणभर थबकतो. तेव्हा १/६० सेकंदातही बऱ्यापैकी स्थिर मिळतो.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो पाणी पाजण्याला. तापलेलं पातं पाण्यात बुडवलं की कडक होतं, पण ठिसूळही होतं. तो ठिसूळपणा घालवायला ते पुन्हा हलकेच तापवतात. मग घासून उजळ केलेल्या भागावर रंग सरकायला लागतात : आधी वाळक्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. हवा तो रंग धारेपाशी आला की लोहार तिथेच थांबवतो. चार सेकंद उशीर झाला तर धार मऊ पडते. काकांचा चेहरा आणि पातं दोन्ही एका चौकटीत आणा, आणि विळ्याला कुठला रंग, छिन्नीला कुठला, हे त्यांच्या तोंडून लिहून घ्या. ही माहिती अनेकदा कुठेच लिहिलेली नसते.

पैसे द्या, पण फोटोचे म्हणून नाही, त्यांच्या मोडलेल्या वेळेचे म्हणून. किती ते कॅमेरा काढायच्या आधीच ठरवा. घेत नसतील तर एखादी वस्तू घडवायला सांगा, तिचेच फोटो काढा आणि पूर्ण दाम मोजा.

तुम्ही विचारलं नाहीत तरी आणखी एक सांगते. डोरोथिया लँग या अमेरिकन छायाचित्रकर्तीने १९३६मध्ये कॅलिफोर्नियात एका स्थलांतरित मजूर आईचा फोटो काढला. तो जगभर गेला, पण त्या बाईचं नाव, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, लोकांना कळलं १९७८मध्ये. माझं नाव विचारलं नाही, फोटोची प्रत देते म्हणाली आणि दिली नाही, अशी त्या बाईंची तक्रार होती. म्हणून प्रत्येक फोटोसोबत काकांचं नाव, तारीख आणि हातातल्या हत्याराला ते स्वतः काय म्हणतात ते लिहा. घण मारणाऱ्याचंही नाव लिहा. छापील प्रती काम पूर्ण होईपर्यंत अडवून ठेवू नका, पहिल्याच आठवड्यात नेऊन द्या. त्या चाळताना काका आपणहून सांगतील, ही सांडशी त्या कामाची नाही, याच्या आधीचा ताव राहिला, मूठ बसवताना काढलंच नाही. पुढच्या खेपेला काय काढायचं ते तिथेच टिपून घ्या.