दोघांनाही झाला, मग मीच कशी वाचले?

पत्र : एप्रिल २०२१मध्ये आम्हा दोघांनाही कोरोना झाला. मी घरीच बरी झाले, हे गेले. वय ४८. ताप आधी मला आला होता. दर श्राद्धाला सासूबाई चारचौघांत म्हणतात, "हिनंच आणला आणि ही बघा ठणठणीत." सोळा वर्षांचा मुलगा ऐकतो, बोलत काहीच नाही. माझ्याही मनात तेच येतं.
– एक वाचक, सांगली जिल्हा

ताई,

ताप आधी आला त्यानंच आजार आणला, असं नसतं. लागण झालेला माणूस लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून विषाणू पसरवतो. शिवाय कुणाला चौथ्या दिवशी ताप भरतो, कुणाला आठव्या. त्या एप्रिलात घरात कुणामुळे काय शिरलं, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

राहिलं तुमचं वाचणं. लागण बायका-पुरुषांना साधारण सारखीच होत होती; आयसीयूत जायची पाळी मात्र पुरुषांवर जवळजवळ तिप्पट येत होती, मृत्यूही त्यांच्यात जास्त. जगभर हेच. विषाणूची चाहूल घेणारं टीएलआर-७ हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बाईकडे एक्स दोन, पुरुषाकडे एकच. त्यातलं जनुक सदोष निघालं तर हाताशी दुसरं नाही. विषाणूला पहिल्या फळीत रोखतं ते इंटरफेरॉन. काहींचं शरीर त्याच्यावरच उलटतं. २०२०च्या एका अभ्यासात असे १०१ अत्यवस्थ रुग्ण सापडले, त्यातले ९५ पुरुष.

"बायकांची जातच चिवट" म्हणणाऱ्यांना हेपटायटिस ई विचारा. दूषित पाण्यातून होणारी ही कावीळ नवरा बहुधा अंगावर काढतो. गरोदर बायको शेवटच्या तीन महिन्यांत असेल तर अशा शंभरातल्या वीस-पंचवीस जणी दगावू शकतात. तेव्हा "तू कसा वाचलास रे?" असं नवऱ्याला कुणी विचारत नाही!

पत्रात पुढे तुम्हीच लिहिलंय, ऑक्सिमीटर ८८ दाखवत होता आणि तुमचे यजमान म्हणाले, "सेल उतरलाय." तरी अंगात ताप असताना शेजाऱ्यांची गाडी मागून त्यांना दवाखान्यात नेलंत तुम्ही. हे मुलाला माहीत आहे का? नसेल तर आधी त्याच्याशी बोला. तो गप्प आहे म्हणजे त्याला पटलंय असं नाही, पण दर वेळी ऐकून पटायला लागेल.

सासूबाईंशी पंगतीत वाद नको. त्यांचा मुलगा गेलाय, खापर फोडायला त्यांना कुणीतरी हवंय. म्हणून ते तुमच्या डोक्यावर का? यंदा आदल्या दिवशीच दिरांना सांगून ठेवा, की आईंनी हा विषय काढला तर तुम्ही थांबवायचं. त्यांनी नाही थांबवलं, तर मुलाला घेऊन सरळ उठा.