वाचकांचे प्रश्न : सर्बियाचा ध्वज

प्रश्न : टेनिसच्या सामन्यांत जोकोविचचे समर्थक फडकवतात तो ध्वज रशियाचा उलटा ध्वज आहे का? त्यावर कधी गरुड असतो, कधी नसतो, असे का? (एक वाचक, विश्रामबाग, सांगली)

उत्तर : रशियाच्या ध्वजावर वरून खाली पांढरा, निळा, तांबडा असे पट्टे असतात आणि सर्बियाच्या ध्वजावर तांबडा, निळा, पांढरा, त्यामुळे आपला समज स्वाभाविक आहे, परंतु सर्बियाच्या ध्वजाला स्वतःचा इतिहास आहे. फेब्रुवारी 1835 मध्ये, हा प्रदेश ऑटोमन साम्राज्याचा मांडलिक असताना, तेथे संमत झालेल्या राज्यघटनेने राष्ट्रीय रंग ठरवले. मात्र ते क्रांतिकारी फ्रान्सची आठवण करून देतात अशी टीका झाली आणि भोवतालच्या साम्राज्यांच्या विरोधामुळे ती राज्यघटना काही आठवड्यांतच गुंडाळावी लागली. त्याच वर्षी ऑटोमन सुलतानाच्या फर्मानाने तांबडा-निळा-पांढरा या क्रमाला मान्यता मिळाली. मांडलिकाने निशाण कोणते लावावे हेही सार्वभौमाने ठरवायचे, हा प्रकार सातारच्या छत्रपतींच्या गादीचा उत्तरकाळ वाचलेल्यांना नवा वाटणार नाही.

गरुडाचे चिन्ह शासकीय ध्वजावर असते, नागरी ध्वजावर नसते. हा दुतोंडी पांढरा गरुड सर्बियाच्या मध्ययुगीन नेमानिच राजघराण्याशी जोडला जातो. त्याच्या छातीवरील तांबड्या ढालीत पांढरा क्रूस असून, क्रूसाच्या चार कोनांत गारगोटीवर घासून ठिणगी पाडण्याच्या लोखंडाच्या आकाराची चार चिन्हे आहेत. लोक त्यांत सर्बियन लिपीतील ‘स’ हे अक्षर पाहतात आणि ‘केवळ एकीच सर्बांना तारते’ असा अर्थ लावतात. ही रचना मुळात बायझंटाइन (पूर्व रोमन) साम्राज्याच्या चिन्हावरून आली असल्याने तो अर्थ मागाहूनचा म्हणावा लागेल. सर्बिया समाजवादी युगोस्लाव्हियाचा भाग असताना गरुड नव्हता, पट्ट्यांवर तांबडा तारा होता.